तीट पुसणारा कॅमेरा

मुरुड, जि. लातूर
१० नोव्हेंबर २०२५

सौ. महादेवी विहीणबाईंना गुरम्माचा शरणु शरणार्थ.

दोन महिने झाले बघून राहिले, एका फोटोत तीट न्हाई! एका बी न्हाई! न्हाणं झालेलं हाय, पावडर हाय, टोपडं हाय, टोपड्याला तुमच्या हौसेची फुलं हाईत, अन् गाल कोरा. कपाळ कोरं. नांदेडात काजळ मिळंना झालं का? मी एरंडेलाच्या दिव्यावर काजळी धरून, तुपात खलून, डबी भरून दिली होती. ती कुठं ठेवली? दागिन्यात ठेवली का?

शांभवी तुमची नात हाय तशी माझी बी हाय. पाच महिने माझ्या मांडीवर होती. उंबऱ्याबाहेर काढायच्या आधी मी दोन तीट लावायची, एक गालाला, एक तळपायाला. शेजारची गुणाबाई आली की तिसरी. गुणाबाईची नजर अशी, की तिनं "लई दूध देती गं" म्हटलं की म्हैस लाथ मारती. अन् तुम्ही लेकराला कोऱ्या गालानं बसवता, फोटो काढता अन् तुमच्या त्या ग्रुपात सगळ्या सोयऱ्यांना पाठवता. तितके डोळे एका लेकरावर! जरा तरी भ्या.

फोन केला की तुम्ही "आवाज येत नाही" म्हणता. माझा आवाज मुरुडच्या बाजारात शेवटच्या पालापर्यंत जातो, तुम्हालाच येत न्हाई. व्हिडिओ लावला तर शांभवी फोन चाटती, मला नुसती जीभ दिसती. शिवानीला विचारलं तर "लावतात गं आई" म्हणती. ती सकाळी बँकेत जाती, तिला काय दिसतं? अन् सासूच्या घरात बसून सासूचं उणं कोणती सून काढती? म्हणून कागद लिहिला. चौथी शिकले ते आज कामाला आलं. कागदाला "आवाज येत नाही" म्हणता येत न्हाई. आमच्या गावचा शेषेराव डाळीचा ट्रक घेऊन नांदेडला येतो, त्याच्या हाती देते. उत्तर बी त्याच्याच हाती द्या.

साफ सांगते. पौष लागायच्या आत जावळ काढायचं ठरलं हाय. जावळाला मामाची मांडी लागती, अन् मामा माझ्या घरात हाय. फोटोत तीट दिसंल तेव्हाच नरसिंग नांदेडची गाडी धरंल. तोवर बसवा लेकराला कुणाच्या मांडीवर बसवता ते.

गुरम्मा

पापड पाठवलेत. ते आधीच लाटलेले होते, माझा राग गेला असं समजू नका.


नांदेड
१४ नोव्हेंबर

सौ. गुरम्मा विहीणबाईंना सप्रेम शरणार्थ.

पत्र मिळालं. पापडही मिळाले. या खेपेला मीठ जरा जास्त होतं. पत्रातलं सांडलं असावं.

विहीणबाई, तीट मी रोज लावते. अंघोळ, धुरी, तीट आणि मग फोटो, हा माझा नेम आहे. आणि तुमच्याच डबीतलं काजळ लावते. डबी तळाला आली आहे, जमलं तर दुसरी पाठवा, असं मी सांगणारच होते, तेवढ्यात तुमचा हा तोफगोळा आला. वाचून मला रडू आलं. आमच्या घरच्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "विहीणबाईंचे पापड तिखट आहेत." ते म्हणाले, "मग मला दे." त्यांना दुसरं सुचतं काय?

तुमच्या फोनची काच एकदा पुसून बघा. काच स्वच्छ असेल तर डोळे दाखवा. आपल्या वयात मोतीबिंदू होतो. हे मी म्हणत नाही, डॉक्टर म्हणतात.

तरी तुमचा मान राखून मी कालपासून तीट मोठी केली आहे. आता रुपयाएवढी लावते. काल आमचा वीरेश ऑफिसातून आला आणि लेकराला बघून दोन पावलं मागं सरला. फोटो पाठवले आहेत. बघा आणि मामांचे कपडे इस्त्रीला टाका.

आपली,
महादेवी मल्लिनाथ


मुरुड
१८ नोव्हेंबर

विहीणबाईंना शरणार्थ.

डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाला, मावशी, तुमची नजर घारीची हाय. ते मला ठाऊकच होतं, तुमच्यासाठी खात्री केली. एसटीची पाटी मी फाट्यावरून वाचते. तुमची रुपयाएवढी तीट मला घरात बसून दिसंना.

फोटो गुणाबाईला दाखवला. ती म्हणाली, "गुरम्मा, हे लेकरू तुझं न्हाईच. तुझ्या नातीचं नाक बसकं, तुझ्यासारखं. हिचं बघ कसं धारदार." मी फोन डोळ्याजवळ धरला. खरंच नाक बारीक दिसत होतं. माझं नाक कुठं गेलं? मी नरसिंगला म्हटलं, काढ गाडी, लेकरू बदललंय. तो हसून हसून बाजंवर पडला. मग उठला अन् त्याच्या फोननं माझाच फोटो काढून माझ्याच हातात दिला.

विहीणबाई, माझ्या हनुवटीवर मस हाय. लग्नात तुम्ही त्याच्याकडं टक लावून बघत होता, मला ठाऊक हाय. जन्मापासूनचा हाय. फोटोत मस न्हाई! सुरकुती न्हाई, गोंदण न्हाई, अन् रंग असा की मी जिंदगीत उन्हात गेलेच न्हाई. आमच्या मालकांना दाखवला. चष्मा वर करून बघितला अन् म्हणाले, "ही कोण? बरी हाय." तीस वर्षं माझ्या हातचं खाऊन ही तारीफ! त्या दिवशी त्यांना रात्रीची भाकर त्या फोटोतल्या बाईकडून घ्या म्हटलं.

तर उलगडा झाला तो असा. हे फोन डाग दिसला की धुतात. ज्याला आपण तीट म्हणतो त्याला तो फोन डाग समजतो. नरसिंगनं आत जाऊन कसला तरी खटका बंद केला, तरी मस अर्धाच परत आला. म्हणजे तुम्ही सकाळी लावता अन् फोन लगेच पुसतो. तुमचं खोटं न्हाई, फोनचं खोटं. पण दगाबाज फोनवर तुम्ही भरवसा ठेवला, तेवढी चूक तुमची हाय.

अन् अजून माझी तसल्ली झालेली न्हाई. रोज लावता असं तुम्ही म्हणता. मला बघायचं हाय. डोळ्यांनी बघितल्याबिगर मामा हलणार न्हाई, बोलले म्हणजे बोलले.

आता खरा कॅमेरा घ्या. जावयांचा तो लग्नातला तोफेएवढा कॅमेरा हाय, तो काढा की बाहेर. कपाटात ठेवणीतल्या लुगड्यासारखा कामून ठेवलाय?

गुरम्मा

डबी पाठवते. बघून वापरा. रुपयाएवढी लावू नका, लेकरू बुजगावणं दिसंल.


नांदेड
२४ नोव्हेंबर

सौ. विहीणबाईंना शरणार्थ.

नाक बदलल्याचा आळ माझ्यावर राहिला नाही, याबद्दल आभारी आहे. आता ऐका.

वीरेशचा मोठा कॅमेरा काढला. डांबरगोळ्यांत ठेवला होता, तरी भिंगावर बुरशी आली आहे. शिवाय तो उचलायचा म्हणजे आधी पट्टा, मग पिशवी, मग भिंग, मग वीरेश. तोवर लेकराचं हसू संपून रडू सुरू होतं. खटका दाबला की आतला आरसा वर उडतो, त्याचा असा आवाज होतो की झोपलेली शांभवी दचकून उठली. तेव्हा तो बाद.

शनिवारी आम्ही दुकानात गेलो. मी, हे आणि शांभवी, तीट लावून. दुकानदार फार चांगला मुलगा होता. त्यानं सांगितलं, "काकू, रोजच्या फोटोला आता बिनआरशाचे छोटे कॅमेरे आलेत. आतला आरसाच काढून टाकला, म्हणून वजन कमी, आवाज नाही." त्यानं दोन समोर ठेवले.

पहिला चांदीच्या रंगाचा. इतका नाजूक, की माझ्या पर्समध्ये पानाच्या डब्याशेजारी बसतो. भिंग बंद केलं की आत जातं, कासवाच्या मानेसारखं. सगळं पाठीमागच्या काचेवर दिसतं. दुसरा काळा, जरा जाड, हातात धरायला पुढं उंचवटा. त्याला वर एक खिडकी आहे, डोळा लावून बघायची. भिंग बदलता येतं, पाठीमागची काच उलटी-सुलटी वळते. पण दिसायला म्हणाल तर, विहीणबाई, तुमच्या म्हशीसारखा. कामाचा असेल, पण चारचौघींत गळ्यात घालवत नाही.

हे म्हणाले, "जाडा घे, टिकेल." मी म्हटलं, "तुम्हाला जाडं का आवडतं ते मला माहीत आहे," आणि मला बघायला आले तेव्हा माझ्या आईला हेच म्हणाले होते, त्याची आठवण करून दिली. मग चष्मा काढून पुसत बसले.

मला चांदीचाच पसंत आहे. जावळाला पाहुणे येणार, त्यांच्यासमोर काढायला शोभेल. तुमचं काय मत? मत विचारते आहे, परवानगी नाही.

आपली,
महादेवी


मुरुड
२९ नोव्हेंबर

विहीणबाईंना शरणार्थ.

म्हशीला नाव ठेवू नका. तिच्या तुपातच तुमच्या नातीचं काजळ खललेलं हाय.

तुम्ही दुकानात लेकरू घेऊन गेलात, रंग सांगितला, पर्स सांगितली, खिडकी सांगितली. तीट दिसली का, हे कामून लिहिलं न्हाई? मी तो कागद तीनदा वाचला. तिटेचा उल्लेख फक्त जाताना हाय, येताना न्हाई. तिथंच मला वास आला.

म्हणून आम्ही लातूर गाठलं. कॅमेऱ्याची पारख करायची तर तीट लावलेलं तोंड पाहिजे. नरसिंग तयार होईना, त्याला सोयरिका येऊन राहिल्यात. माझा मस हाय, पण मस म्हणजे तीट न्हाई. उरले आमचे मालक, बसलिंगप्पा. त्यांना घरूनच लावली. डाव्या गालावर, ठसठशीत. त्यांना सांगितलं, डाळीचा भाव बघायला जायचंय. ते बिचारे धोतर नेसून निघाले. आरशात बघायची त्यांना सवय न्हाई.

आडतीवर त्यांना चार माणसं भेटली. महादेवप्पा आडत्यानं विचारलं, "अप्पा, ह्या वयात कुणाची नजर लागली?" मालकांनी गालाला हात लावला, हात बघितला, मग माझ्याकडं बघितलं अन् म्हणाले, "घरचीच." आडतीवरचे हमाल पोती ठेवून हसले.

दुकानात तुमच्या कागदातल्या खुणा सांगून तेच दोन कॅमेरे मागितले. तिथल्या पोरीला म्हटलं, बाई, मला एवढंच सांग, ह्या माणसाच्या गालावरचं काळं दिसलं पाहिजे. ती म्हणाली, "काकू, काळं घालवायचं असतं का दिसायचं असतं?" मी म्हटलं, "दिसायचं. लोकांचं घालव, आमचं दाखव."

चांदीच्यानं काढला. मालक नवरदेव दिसले. तीट जागेवर न्हाई, राखेसारखी पुसट सावली. मी पोरीकडं बघितलं. ती आत शिरली, बोटानं सरकवत सरकवत लई खोल गेली अन् म्हणाली, "ह्याच्यात कातडी गुळगुळीत करायचा खटका कारखान्यातूनच चालू येतो. बंद करता येतो, पण सापडत नाही कुणाला." मग काळ्या जाड्यानं काढला. तीट दिसली! तीट दिसली, दाढीचे खुंट दिसले, मिशीला सकाळचं ताक लागलं होतं ते बी दिसलं. असा इमानी कॅमेरा मी बघितला न्हाई.

उन्हात नेऊन बघितलं. चांदीच्याच्या काचेवर भर उन्हात माझंच तोंड दिसत होतं. काळ्याच्या खिडकीला डोळा लावला की आतलं सगळं साफ दिसतं. तुम्ही लेकराला सकाळी गच्चीत उन्हाला बसवता, तिथं खिडकीच पाहिजे. आवाज न्हाई. मालक उभ्या उभ्या पेंगले, तसाच काढला, जागे झाले न्हाईत. मग पोरीनं पट्टा त्यांच्या गळ्यात घातला अन् कॅमेरा छातीवरच्या लिंगाच्या करंडीवर आपटला, तेव्हा जागे झाले. मी तिथंच दटावलं, देव एकीकडं अन् यंत्र एकीकडं.

तर काळा जाडाच पाहिजे. शोभंची गोष्ट शोभंला. शोभंनं तीट दिसत न्हाई.

गुरम्मा

मालकांनी दोन दिवस माझ्याकडं पाठ करून भाकर खाल्ली. तिसऱ्या दिवशी तो फोटो मागून घेतला. नवरदेवाचा, ताकाचा न्हाई.


नांदेड
३ डिसेंबर

सौ. विहीणबाईंना शरणार्थ.

तुमचं पत्र येण्याआधीच चांदीचा कॅमेरा घरी आला होता. आता झालं ते झालं.

तीट त्यात व्यवस्थित दिसते. कागदावर छापून फोटो पाठवत आहे, आपल्या घारीच्या नजरेनं खात्री करून घ्या. एकूण एक फोटोत आहे. आता तरी मामांना पाठवा. जावळ रविवारी, चौदा तारखेला. शांभवीचे केस डोळ्यात यायला लागले आहेत, आणि पाहुण्यांना मी काय सांगू? की मामाची मांडी कॅमेऱ्यात अडकली?

आपली,
महादेवी

फोटोंना बोट लावू नका. छपाई ओली आहे.


मुरुड
५ डिसेंबर

विहीणबाईंना गुरम्माचा शरणार्थ.

ओली छपाई! दोन दिवस शेषेरावच्या ट्रकात डाळीच्या पोत्यांवर तापून आली, तरी ओली!

आधी सांगते काय झालं ते. पाकीट फोडलं. पहिला फोटो बघितला अन् माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शांभवी हसून राहिली, दोन दात दिसून राहिलेत, अन् गालावर काळीभोर तीट. मी गुणाबाईला हाक मारली. ये म्हटलं, बघ, माझ्या नातीला तीट हाय. गुणाबाईनं फोटो धरला अन् बघत बसली. "काय गोड दिसती गं," म्हणाली. तिचं गोड म्हणणं मला ठाऊक हाय, म्हणून मी फोटो ओढून घेतला. ओढताना माझा अंगठा शांभवीच्या गालाला लागला.

अंगठा काळा झाला, विहीणबाई.

गाल कोरा अन् अंगठा काळा! वास घेतला. एरंडेल. माझ्याच दिव्याचं, माझ्याच डबीतलं! कॅमेऱ्यानं पुसलं म्हणून तुम्ही फोटोला काजळ लावलंत! बसून, एकेका फोटोला, काडीनं! तुमच्या घरी सून बँकेत हिशोब बघती अन् सासू घरी बसून हे उद्योग करून राहिली! मी जागेवर उभी राहिले अन् नरसिंगला ओरडले, जावळ रद्द. तो म्हणाला, "आई, आधी सगळे तरी बघ."

म्हणून बाकीचे बघितले. सगळ्यांत काजळ. मी एकेकाला बोट लावत गेले, एकेक गाल कोरा होत गेला. मग शेवटचा आला, तो बँकेत जायच्या घाईतला. शिवानीच्या खांद्याला बॅग हाय, कडेवर शांभवी हाय, दोघी तुमच्याकडं बघून हसून राहिल्यात. शांभवीच्या गालावर तीट हाय, ती असणारच, माझी शर्त होती. पण शिवानीच्या कानामागं बी एक बारीक ठिपका हाय. कुणाला दिसणार न्हाई असा. मी बोट लावलं. ते बी काजळच.

तिची तीट मी मागितली न्हवती. ती माझ्या कोणत्याच कागदात न्हाई. तिला लावली न्हाई म्हणून मामा अडवला न्हवता.

मी शिवानीला शाळेत पाठवताना कानामागंच लावायची, पोरी हसतील म्हणून. हे तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई. तुम्हाला आपोआपच सुचलं.

जी बाई कागदावरच्या सुनंला बी कोरी सोडत न्हाई, ती खऱ्या लेकराला कोरं सोडंल का? न्हाई सोडणार. झाली माझी तसल्ली. लबाडी तुम्ही केलीत, ती लबाडीच हाय, मी ती विसरणार न्हाई अन् चारचौघींत सांगणार बी हाय. पण काजळाची केलीत.

माझ्या बोटानं सगळ्या तीट पुसल्या गेल्या, म्हणून मी नवीन डबी उघडली अन् परत लावल्या. शिवानीची बी, जिथं तुम्ही लावली होती तिथंच. आता त्या फोटोंवर खाली तुमचं काजळ हाय अन् वरून माझं हाय. गुणाबाईला आता बघू दे किती बघती ते.

नरसिंग येतो. कपडे इस्त्रीला गेलेत. मी बी येते. अन् ऐका, काळा जाडा मी त्याच दिवशी लातुरातून घेतला होता, जावळाचा आहेर म्हणून, तुम्हाला सांगितला न्हाई. चांदीचा परत करू नका. लातूरच्या त्या पोरीनं त्याचा चोर खटका कसा बंद करायचा ते चित्र काढून दिलंय, सोबत पाठवते. तो तुमच्या पर्समध्ये राहू द्या, लग्नाकार्यात मिरवायला. जाडा मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवायचा, कपाटात न्हाई. लेकरू हसलं की पोळपाट सोडून हाताला लागला पाहिजे. जो हाताशी तोच खरा कॅमेरा, बाकीचं शोकेस.

आता माझं विचारणं. चौदा तारखेला सकाळची तीट कोण लावणार? मी म्हणते मी. डबी माझी, काजळी माझी, तूप माझ्या म्हशीचं. तुम्ही म्हणणार तुमचा नेम हाय. तसं असंल तर गाल तुमचा अन् तळपाय माझा, न्हाईतर उलटं. पण दोघींनी एकाच गालावर लावायची न्हाई, लेकरू बुजगावणं दिसंल, हे मी आधीच लिहिलंय. अन् जाड्या कॅमेऱ्यानं तुमचा-माझा एक फोटो निघाला पाहिजे, माझा मस धरून. त्यात कुणी काही पुसायचं न्हाई.

शेषेराव सोमवारी ट्रक खाली करून परत फिरतो. गाल का तळपाय, ते त्याच्या हाती लिहून पाठवा. सोमवारी उत्तर आलं न्हाई, तर मंगळवारीच येते. नरसिंग, मालक, कॅमेरा, डबी अन् म्हैस, सगळे घेऊन येते. म्हैस गाभण हाय, तिला बी तीट लागती.

गुरम्मा